घोरपडीच्या आवारासाठी उष्णतेचा स्रोत : चेन्नईच्या हवेत काय निवडावे?

समजा, चेन्नईजवळच्या एका वन्यजीव बचाव केंद्रात तुम्ही प्रशिक्षणासाठी गेला आहात. रस्त्यावर वाहनाची धडक बसलेली तीन किलो वजनाची घोरपड तिथे आणली आहे. जखम भरेपर्यंत तिला छपराखाली, स्वतंत्र आवारात ठेवायचे आहे. आवाराची लांबी २.४ मीटर, रुंदी आणि उंची प्रत्येकी १.२ मीटर. महिना जानेवारीचा. टेबलावर चार वस्तू ठेवल्या आहेत : परावर्तक असलेला हॅलोजन दिवा, उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, जमिनीखाली पसरायची हीटिंग मॅट आणि आतून विजेने तापणारा कृत्रिम दगड. यांतले काय लावायचे, हे तुम्हाला ठरवायचे आहे.

चारही वस्तू वॅटमध्ये मोजली तर तेवढीच उष्णता देऊ शकतील. तरीही त्यांतली एक घोरपडीला बरी करेल आणि एक तिचे पोट भाजेल. असे का होते, हे या पाठात पाहायचे आहे. त्यासाठी अकरावीच्या पुस्तकातील उष्णता संक्रमण आणि थोडे प्राणिशास्त्र पुरेसे आहे.

आधी कायदा

हा प्रश्न विचारणारे बरेच जण मनात 'पाळीव घोरपड' धरून विचारतात. परदेशांत ती खरोखर पाळली जाते, आणि दिव्यांविषयीची बरीचशी व्यावहारिक माहिती तिथूनच येते. भारतात मात्र आपल्याकडे आढळणाऱ्या चारही जाती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. सामान्य घोरपड, पिवळी घोरपड, वाळवंटी घोरपड आणि पाणघोरपड, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच हिला. तिला पकडणे, बाळगणे, विकणे हा गुन्हा असून शिक्षा किमान तीन व कमाल सात वर्षे कैदेची आहे. विदेशी जातींनाही २०२२ च्या दुरुस्तीने चौकट आली. आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रण यादीतील जिवंत प्राणी जवळ असेल, तर २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. घोरपडीच्या सर्वच जाती त्या यादीत येतात.

म्हणून हा पाठ प्राणिसंग्रहालये, बचाव केंद्रे आणि पशुवैद्यकीय महाविद्यालये यांच्या कामाचा आहे. चेन्नईत त्या कामाला जुनी परंपरा आहे. रोम्युलस व्हिटेकर यांनी उभे केलेले गिंडीचे सर्पोद्यान १९७२ पासूनचे. पूर्व किनारा मार्गावर वडनेम्मेली येथील मद्रास क्रोकोडाइल बँक १९७६ ची. वंडलूरचे अरिग्नर अण्णा प्राणिसंग्रहालय १९८५ पासून सध्याच्या जागेवर आहे. घराच्या अंगणात घोरपड शिरली, तर मात्र दिवा-बिवा काही शोधायचा नाही. वनविभागाला फोन करायचा.

घोरपडीला उष्णता कशासाठी हवी?

'शीतरक्ती' हा शब्द फसवा आहे. सकाळी अकरा वाजता माळावर फिरणाऱ्या घोरपडीचे रक्त तुमच्या रक्ताइतकेच गरम असू शकते. अनेक जातींत सक्रिय अवस्थेतील शरीराचे तापमान साधारण ३४ ते ३८ अंश सेल्सिअस असते. पाणघोरपडीत ते काही अंशांनी कमी. फरक एवढाच की आपण ही उष्णता शरीरात जाळून मिळवतो आणि घोरपड ती बाहेरून घेते. रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी १९४४ मध्ये अमेरिकेतील वाळवंटी सरड्यांवर केलेल्या अभ्यासातून दाखवून दिले, की हे प्राणी हवेच्या तापमानामागे फरफटत जात नाहीत. ऊन आणि सावली यांत ये-जा करून ते स्वतःचे तापमान बऱ्यापैकी अरुंद पट्ट्यात राखतात. मराठीत आपण 'ऊन खात बसणे' म्हणतो. घोरपडीच्या बाबतीत तो जवळजवळ शब्दशः खरा वाक्प्रचार आहे, कारण ते ऊन मिळाले नाही तर खाल्लेले अन्नही पचत नाही. थंड शरीरात पाचक विकरे मंदावतात आणि गिळलेला उंदीर पोटातच कुजू लागतो.

जखमी प्राण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये डेझर्ट इग्वाना या सरड्यांना जिवाणूंचा संसर्ग घडवून वेगवेगळ्या तापमानांत ठेवले. अधिक उबेत ठेवलेले सरडे जास्त प्रमाणात जगले. संसर्ग झालेल्या सरड्याला निवड करू दिली, तर तो स्वतःहून नेहमीपेक्षा गरम जागा पसंत करतो, म्हणजे चालत जाऊन 'ताप' आणतो. आपल्या घोरपडीची जखम चिघळली असेल, तर तिलाही असे करता आले पाहिजे. आवारात एकच एक 'योग्य' तापमान राखणे म्हणूनच चूक ठरते. एका टोकाला फार गरम, दुसऱ्या टोकाला गार, मध्ये पायरीपायरीने कमी होत जाणारे तापमान : अशी उतरंड हवी. त्यातली कुठली पायरी केव्हा, हे घोरपडच ठरवील.

चार वस्तू, तीन वाटा

उष्णता वहन, अभिसरण आणि प्रारण या तीन वाटांनी जाते. टेबलावरच्या चार वस्तू या वाटा वेगवेगळ्या प्रमाणात वापरतात.

तापणारा दगड वहनाने काम करतो. घोरपड त्यावर पोट टेकून बसते; उष्णता फक्त टेकलेल्या तेवढ्या भागातून आत जाते. पाठ गारच राहते, शरीराचे एकूण तापमान अपुरे राहते, म्हणून प्राणी तिथून उठत नाही. पोटाखालच्या चटक्यापासून सरपटणारे प्राणी वेळेवर बाजूला होत नाहीत, हा पशुवैद्यकांचा नेहमीचा अनुभव आहे. दगडाच्या आतली तार एका जागी जास्त तापली की पोटाची कातडी भाजते. ही वस्तू सरळ बाजूला ठेवा.

हीटिंग मॅटचा दोष जरा खोल आहे, आणि तो समजायला घोरपडीचे बीळ आठवावे लागेल. ती खोदणारी आहे. उन्हाळ्यात जमिनीचा पृष्ठभाग तापला की ती खाली जाते, कारण खाली माती गार आणि ओलसर असते. लाखो वर्षांचा नियम असा : खोल म्हणजे गार. मॅट खालून तापवते आणि हा नियम उलटा करते. घोरपड उष्णतेपासून पळायला खोदू लागते आणि उष्णतेकडेच पोचते. शिवाय वरची कोरडी माती उष्णतेची दुर्वाहक असल्याने मॅटची उष्णता अडकते, मॅट आणखी तापते आणि माती आणखी वाळते. छोट्या सापाच्या खोक्याला बाहेरून लावायला मॅट ठीक आहे. खोदणाऱ्या तीन किलोच्या प्राण्याला नाही.

उरले हॅलोजन आणि सिरॅमिक. दोन्ही वरून प्रारण देतात, पण एकाच प्रकारचे नाही. वीनचा नियम आठवा : २८९८ या संख्येला केल्विनमधील तापमानाने भागले की सर्वाधिक प्रारणाची तरंगलांबी मायक्रोमीटरमध्ये मिळते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५८०० केल्विन, उत्तर ०.५ मायक्रोमीटर. हॅलोजनची तार सुमारे २९०० केल्विन, उत्तर १ मायक्रोमीटर. सिरॅमिक हीटरचा पृष्ठभाग ६०० केल्विन, म्हणजे ३२७ अंश सेल्सिअस धरला, तर उत्तर जवळपास ४.८ मायक्रोमीटर. ४० अंशांच्या मॅटसाठी ९ मायक्रोमीटरच्या पुढे.

या आकड्यांचा घोरपडीच्या कातडीशी काय संबंध? शरीर बहुतांशी पाणी आहे. ३ मायक्रोमीटरहून लांब तरंगांचे अवरक्त प्रारण पाणी अगदी वरच्या पातळ थरातच शोषून घेते. १ मायक्रोमीटरच्या आसपासचे प्रारण मात्र काही मिलिमीटर आत शिरते आणि तिथले रक्त ते शरीरभर नेते. उन्हातही मुख्यतः अशाच, आत शिरणाऱ्या अवरक्ताचा वाटा मोठा असतो. म्हणून तेवढीच शक्ती हॅलोजनमधून दिली तर शरीर तापते, आणि सिरॅमिकमधून दिली तर कातडी आणि आजूबाजूची हवा जास्त तापते.

गंमत अशी की दिवा म्हणून हॅलोजन आणि जुना पिवळा बल्ब मागे पडले ते याच 'दोषा'मुळे : घेतलेल्या विजेचा मोठा भाग ते उजेडाऐवजी उष्णतेत घालवतात. एलईडी हा दोष टाळतो, म्हणूनच तो इथे निरुपयोगी आहे. दुकानात 'शंभर वॅटच्या तोडीचा' एलईडी कोणी पुढे केला तर घेऊ नका. तो उजेडाने शंभर वॅटच्या तोडीचा आहे, उबेने नाही.

एक दिवा की दोन?

आता आकडेमोड. दुपारच्या स्वच्छ उन्हात जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट पडतात. घोरपडीच्या पाठीवर साधारण तेवढेच पडावे, असे उद्दिष्ट धरू. डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत तिची लांबी ४५ सेंटीमीटर आणि रुंदी १२ सेंटीमीटर असेल, तर वरून दिसणारे क्षेत्रफळ ०.०५४ चौरस मीटर. म्हणजे पाठीवर ५४ वॅट पोचले पाहिजेत.

शंभर वॅटच्या परावर्तक हॅलोजनमधून ७० वॅट खाली ३० सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळात पडतात असे मानू. वर्तुळाचे क्षेत्रफळ ०.०७१ चौरस मीटर, सरासरी तीव्रता दर चौरस मीटरला सुमारे ९९० वॅट. आकडा जुळला! पण घोरपड ४५ सेंटीमीटर लांब आहे आणि वर्तुळ ३० चे. शिवाय सरासरी १००० असली तरी झोताच्या मध्यभागी तीव्रता त्याहून बरीच जास्त असते. एकाच दिव्याखाली ती बसली, तर कंबरेजवळचा वीतभर भाग करपतो, डोके आणि शेपटी गार राहतात, रक्त फिरून सगळे शरीर तापायला वेळ लागतो, आणि तोवर ती बसून राहते. मोठ्या घोरपडींच्या पाठीवर दिसणारे भाजल्याचे गोल डाग असेच होतात. त्यावर अनेकजण दिवा वर उचलतात किंवा कमी वॅटचा लावतात. मग डाग पडत नाहीत, पण प्राणी तापतही नाही. खरा उपाय म्हणजे शेजारीशेजारी दोन दिवे, थोडे वर, म्हणजे दोन वर्तुळे एकमेकांत मिसळून सगळे धड एकसारखे उबेल.

वेळ किती लागेल? प्राण्याच्या शरीराची विशिष्ट उष्माधारकता दर किलो दर अंश ३५०० ज्यूल धरा. तीन किलोच्या शरीराला २७ वरून ३६ अंशांवर न्यायला ३ × ३५०० × ९, म्हणजे ९४,५०० ज्यूल लागतात. पडलेल्या ५४ पैकी सुमारे ४६ वॅट शोषले गेले आणि हवेकडे व भिंतींकडे ११ गेले, तर हाती ३५ वॅट. ९४,५०० भागिले ३५ म्हणजे २७०० सेकंद, पाऊण तास. जंगलातली घोरपड सकाळी उन्हात बसते तो वेळ आठवला, तर हे उत्तर अवास्तव वाटत नाही. तीनशे ग्रॅमच्या पिल्लाला मात्र वीसेक मिनिटेच लागतील. वजन दहापट कमी झाले, तरी पृष्ठभाग साडेचारपटीहून थोडाच जास्त घटतो, म्हणून ते दुपटीहून अधिक वेगाने तापते, आणि तितक्याच वेगाने अतितप्तही होते.

चेन्नईत अडचण हवेची आहे

याच हिशेबाचे दुसरे टोक पाहा. आवाराचे घनफळ ३.५ घनमीटर, आतली हवा जेमतेम ४ किलो, तिला एक अंशाने तापवायला ४२०० ज्यूल. दोनशे वॅटचे दिवे बंद खोक्यात लावले आणि भिंतींनी काहीच शोषले नाही, तर दर २१ सेकंदांना हवा एक अंश चढेल. भिंती शोषतात म्हणून प्रत्यक्षात असे होत नाही. पण घोरपड तापण्याआधी खोके तापते, हे यातून स्पष्ट होते. खोके तापले की उतरंड मोडली. गार टोक उरतच नाही.

लंडनमध्ये किंवा टोरांटोमध्ये खोके तापणे हा दोष मानत नाहीत. तिथे खोलीची हवाच गार असते. परदेशी पुस्तकांत 'आवार नीट बंद ठेवा' असे लिहिलेले असते ते त्यासाठी. चेन्नईत जानेवारीत किमान तापमान सरासरी २१ आणि कमाल २९-३० अंश असते. मे महिन्यात कमाल सरासरी ३७ च्या आसपास जाते. २००३ च्या मेअखेरीस तर ४५ अंश नोंदले गेले. म्हणजे चेन्नईत हवा तापवायची गरज जवळजवळ कधीच नसते. उणीव असते ती एका छोट्या, तीव्र, वरून तापणाऱ्या जागेची, आणि तीही छपराखाली ठेवल्यामुळे. म्हणून सिरॅमिक हीटरही बाजूला ठेवा. आवाराच्या वरच्या भागात भरपूर जाळी ठेवा, दोन्ही हॅलोजन एकाच टोकाला लावा, आणि विरुद्ध टोकाला खोल, ओलसर माती आणि अंग बुडेल एवढे पाणी ठेवा. घोरपडीची पकड किती घट्ट, हे मराठी माणसाला सांगायला नको. तमिळमध्येही चिवट पकडीला 'उडुंबु पिडि', घोरपडीची पकड, असेच म्हणतात. ती भिंत चढून दिव्यापर्यंत जाईल, म्हणून दिव्याला जाळीचे कडे हवेच.

हाच प्राणी पुण्यात असता तर? तिथे जानेवारीच्या रात्री पारा कधीकधी दहाच्या खाली उतरतो. तिथे रात्रीपुरता, थर्मोस्टॅटला जोडलेला सिरॅमिक हीटर योग्य ठरेल : उजेड नाही म्हणून झोप मोडत नाही, आणि हवा तापवणे हेच त्या वेळी हवे असते.

आणि प्राणी बरा होत आला, छपराची गरज संपली, की चेन्नईत सर्वोत्तम स्रोत फुकट आहे. मोकळ्या आवारात ऊन मिळते, आणि उन्हाबरोबर २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरणही, ज्यांतून कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते. हॅलोजन ते देत नाही, आणि खिडकीच्या काचेतूनही ते येत नाहीत. छपराखाली आठवड्यांहून अधिक काळ ठेवायचे असेल, तर अतिनील किरणांची वेगळी नळी लावावी लागते.

काय बिघडले तर काय होईल?

कुठलेही उपकरण निवडताना ते कोणत्या दिशेने बिघडेल, हे विचारा. डिसेंबर २०१६ मध्ये वरदा चक्रीवादळ चेन्नईवर आले तेव्हा शहराच्या काही भागांत दिवसेंदिवस वीज नव्हती. अशा वेळी दिवे बंद पडले तर घोरपडीचे काय? हवा २२-२३ अंशांवर राहते. ती सुस्त होईल, पण मरणार नाही. फक्त तिला खायला देऊ नका. पचवायला ऊब नाही. ईशान्य मोसमी पावसाच्या ढगाळ आठवड्यांत मोकळ्या आवारातल्या प्राण्यांनाही हाच नियम लागू होतो.

उलट मे महिन्यात थर्मोस्टॅटचा रिले चालू अवस्थेतच चिकटला तर? हवा ३८, दिवे सुरू, आवार अपुरे हवेशीर. शरीराचे तापमान चाळिशीच्या वर काही अंश गेले की मृत्यू तासाभरात येऊ शकतो. थंड देशांत वीज जाण्याची भीती असते, चेन्नईत वीज न जाण्याची. म्हणून एका थर्मोस्टॅटवर विसंबू नका. सकाळी ठरावीक तास दिवे लावून बंद करणारा टायमर मुख्य ठेवा, आणि गार टोकाची हवा ३४ अंशांवर गेली की सगळी वीज तोडणारा स्वतंत्र कटआउट त्याच्या पुढे जोडा. मार्चअखेर ते जून दिवे बहुतेक दिवस लागणारच नाहीत. होल्डर चिनी मातीचाच घ्या, प्लास्टिकचा वितळतो. किनाऱ्याजवळ खारी हवा जोडण्या गंजवते, आणि आवारात पाण्याची कुंडी आहे. ईएलसीबीशिवाय जोडणी करू नका.

मोजून पाहा

भिंतीवर चिकटवलेला गोल तापमापक भिंतीचे तापमान सांगतो, घोरपडीचे नाही. दिव्याखालच्या फळीचे तापमान अवरक्त तापमापकाने मोजा. ४५ ते ५५ अंशांपासून सुरुवात करा आणि प्राण्याचे वागणे पाहून बदला. ऊन खाऊन तासाभरात ती उठून फिरू लागली तर जागा योग्य आहे. सबंध दिवस तिथेच पडून राहिली तर ऊब कमी पडते आहे. तिथे जातच नसेल आणि तोंड उघडे ठेवून गार टोकाला बसत असेल, तर दिवे ताबडतोब बंद करा.

प्राणी आत सोडण्याआधी एक प्रयोग करा. एक लिटरच्या ॲल्युमिनियमच्या तीन बाटल्या बाहेरून मातकट करड्या रंगाने रंगवा, पाण्याने भरा आणि एकेकीत तापमापकाची तार सोडा. एक दिव्यांखाली आडवी ठेवा, एक मध्यावर, एक गार टोकाला, आणि चार तास दर दहा मिनिटांनी नोंद घ्या. पहिली बाटली ३८ च्या वर जायला हवी, कारण घोरपडीला त्याहून गरम होण्याची मुभा हवी. तिसरी ३० च्या आसपास थांबायला हवी. तिसरीही हळूहळू पहिलीमागे चढत गेली, तर दिव्यांचे वॅट बदलण्याआधी जाळी वाढवा आणि प्रयोग पुन्हा करा.

स्वाध्याय

१. वरील आवारात १२ किलो वजनाची पाणघोरपड ठेवायची आहे. धडाची लांबी ७० आणि रुंदी २० सेंटीमीटर धरून पाठीवर किती वॅट पोचले पाहिजेत ते काढा. ३० सेंटीमीटर व्यासाची किती वर्तुळे लागतील? हे आवार तिला पुरेल का?

२. नागपूरमध्ये जानेवारीची रात्र आणि मे महिन्याची दुपार या दोन्हींसाठी एकच व्यवस्था चालेल का? कोणता भाग कोणत्या महिन्यात बंद ठेवाल?

३. हॅलोजन दिवा डिमरने अर्ध्या शक्तीवर चालवला तर तारेचे तापमान घटते. तरंगलांबीवर काय परिणाम होईल? मोठा दिवा मंद करून वापरणे आणि छोटा दिवा पूर्ण शक्तीने वापरणे यांत घोरपडीच्या दृष्टीने फरक काय?